रसग्रहण, पण कोणाच्या जिभेनं?

आजचा विषय अकरावी-बारावीतल्या साहित्याच्या अभ्यासाचा. अभ्यासक्रमात कोणती कविता असावी यावर आपल्याकडे वाद बरेच होतात. आम्हाला मात्र परीक्षेत ती कशी विचारतात, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण जसा प्रश्न, तसं वाचन.

आपल्या मराठी 'युवकभारती'चंच उदाहरण घेऊ. अकरावीला नाटक आणि बारावीला कथा या साहित्यप्रकारांची त्यात स्वतंत्र ओळख करून दिली आहे. ही चांगलीच गोष्ट. पण रसग्रहणाचं काय होतं बघा. कविता पुस्तकातली आणि मुद्दे ठरलेले: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुद्दे वाईट नाहीत. नवख्या वाचकाला तेवढा आधार लागतोच. बिघडतं ते पुढे. गाईडात उत्तर तयार मिळतं आणि 'ओघवती भाषा', 'समर्पक शब्दयोजना' असले शब्द पाठ होतात. आता जे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटतं, ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही, नाही का?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रस समजावताना जेवणाचाच दाखला दिला आहे. नाना व्यंजनांनी युक्त अन्न खाणारा जसा स्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो. म्हणजे चव ज्याची त्यानंच घ्यायची. दुसऱ्यानं जेवून दिलेली ढेकर म्हणजे रसग्रहण नव्हे.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये 'एपी इंग्लिश लिटरेचर' नावाचा प्रगत अभ्यासक्रम असतो. त्याच्या परीक्षेत 55 बहुपर्यायी प्रश्न आणि 3 निबंध असतात. एक निबंध समोर दिलेल्या कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि तिसरा विद्यार्थ्यानं स्वतः निवडलेल्या साहित्यकृतीवर. प्रत्येक निबंधाला 6 गुण, आणि त्यातले 4 गुण संहितेतले पुरावे आणि त्यांचं विवरण यांना. तीही परीक्षाच आहे, तिथंही साचे तयार होतातच. पण समोरच्या ओळी न वाचता नुसत्या साच्यावर तो पुराव्याचा भाग निभावणं कठीण.

आपल्याकडे अशा कवितेनं कोणाचं दर घसरेल आणि तपासणी कशी होईल, अशी शंका लगेच निघते. ती रास्त आहे. पण बारावीच्या मराठीत अपठित गद्य आजही विचारतातच. मग अपठित कवितेलाच एवढं का भ्यायचं? 'तुम्ही म्हणता ते कोणत्या शब्दावरून?' एवढा निकष लावला, तर दोन वेगळी उत्तरंही न्यायानं तपासता येतात.

आणि खरी कविता नेहमी अपठितच येते. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह 1947 साली आला. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. त्या दिवसांत वाचकाच्या हाती गाईड नव्हतं. समोर छापलेले शब्द होते आणि त्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होती.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. रसग्रहण राहू द्या, ते तीन मुद्देही राहू द्या. फक्त पानभर अनोळखी कविता द्या आणि मुलांना म्हणा, 'वाच, आणि तुला काय दिसलं ते सांग.' सुरुवातीला उत्तरं अडखळतील. अडखळू द्यात, ती त्यांची तरी असतील.