थाळनेरचा उतार व परदेशी प्रवाशांची साक्ष

सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा खानदेशांतला मार्ग सतराव्या शतकांत युरोपियन प्रवाशांनीं शोधून काढिला, असें विधान आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या टिपणवहींत उतरून घेतलें आहे. तें त्यांनीं मोठ्या आदरानें आम्हांस दाखविलें. आम्हीं तेव्हां वाद घातला नाहीं; विल्यम फिंच व टॅव्हर्नियर ह्यांच्या नोंदी बरोबर घेतल्या आणि थाळनेर गांठलें.

थाळनेर धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत, शिरपुराच्या आग्नेयेस, तापीच्या उत्तर तीरावर आहे. हमरस्ता दूर राहिल्यामुळें मुद्दाम वाट वांकडी केल्यावांचून तेथें कोणी जात नाहीं. नदीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतील अष्टकोनी कबरीचें नक्षीकाम सावकाश पाहण्याजोगें आहे. फिरोजशहा तुघलखानें इ. स. १३७० मध्यें मलिक राजास थाळनेर व करवंद हे प्रांत दिले, तेथून ह्या घराण्याचा आरंभ होतो. मलिक राजा १३९९ मध्यें वारला व येथेंच पुरला गेला. फिंच ह्या वाटेनें गेला तो १६१० च्या जानेवारींत. म्हणजे ज्या गांवीं दोनशें वर्षांपूर्वींच राजे नांदून गेले, त्या गांवावरून हा गृहस्थ गेला. राजधानीच्या वेशीवरून जाणारा मार्ग शोधावा लागत नाहीं. नवल हें कीं, फिंचास किल्ला दिसला, पावसाळ्यांत नावेवांचून उतरतां न येणारी नदीही त्यानें नमूद केली. कबरींविषयीं मात्र एक अक्षर नाहीं.

आतां त्याच्या साक्षीचा कस पाहूं. फिंचचें लेखन पर्चसच्या संग्रहांत १६२५ सालीं छापलें गेलें. टॅव्हर्नियरचा ग्रंथ १६७६ चा. चोपडें हें नांव एक ‘चुप्रा’ असें लिहितो, दुसरा ‘चौप्रे’ असें. शिंदखेड्याचें टॅव्हर्नियरनें ‘सेंकेरा’ केलें आहे. ह्यास हंसण्याचें कारण नाहीं. आमचा मूर्धन्य ड त्यांच्या कानास र असा ऐकूं येई, आणि महाप्राण तर त्यांच्या जिभेस पेलतच नसे. हा श्रुतिदोष सरसकट एकाच रीतीनें होत असल्यामुळें उलट विश्वासार्ह आहे. परंतु निमगुळाचें फिंचच्या छापील पुस्तकांत ‘लिंगूल’ झालें आहे, तें कानाचें काम नव्हे. कोणाही खानदेशी मनुष्यानें न चा ल उच्चारून सांगितला नसेल. हा लेखकप्रमाद होय, नक्कलकाराचा असो वा खिळे जुळविणाराचा. पोथ्या हाताळणारांस हा भेद नवा नाहीं. इंग्रजी ग्रंथ हातीं घेतांच मात्र आपण तो विसरतों, आणि छापलें तें खरें मानून मोकळे होतों.

अंतरांची गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे. शिंदखेडें ते थाळनेर १० कोस आणि थाळनेर ते चोपडें १५ कोस, असे आंकडे दोघेही देतात. नकाशावर सरळ रेषेनें मोजतां पहिलें अंतर सुमारें २३ व दुसरें सुमारें ३५ किलोमीटर भरतें. दोनास तीन हें प्रमाण बिनचूक जुळतें. एकानें दुसऱ्याचें उतरून घेतलें, अशी शंका कोणी काढील. तसें असतें तर नांवांचीं रूपेंही सारखीं आलीं असतीं, तीं तशीं नाहींत. मग पुष्कळ वर्षांच्या अंतरानें आलेल्या दोन परकीयांचे आंकडे एकच कसे? आमचें मत असें कीं, हे कोस त्यांनीं मोजलेलेच नव्हेत. ते वाटेवरच्या गाडीवानांच्या व नावाड्यांच्या तोंडीं रूढ होते, आणि ज्यानें विचारलें त्यास तेच सांगितले गेले. ज्या मार्गाचे कोस गांवोगांव ठरून गेलेले होते, तो शोधला कोणीं? प्रवाशांनीं तो लिहून ठेविला, एवढें श्रेय त्यांचें. आणि तें थोडें नव्हे.

एका बाबतींत मात्र त्यांची साक्ष आम्ही मान्य करीत नाहीं. फिंच थाळनेरच्या वाटेस चोरांची वाट म्हणतो आणि निमगुळच्या लोकांस सरसकट चोर ठरवितो. पण पुढें तोच लिहितो कीं, चोपड्यास पावसामुळें दोन दिवस थांबलों असतां नंदुरबारचा अंमलदार चारशें स्वारांनिशीं आला, त्याच्या सोबतीवांचून पुढें जाणें धोक्याचें होतें. कारण खानखानान पराभूत होऊन बऱ्हाणपुरास परतला होता व दक्षिणी फौजा लुटालूट करीत होत्या. म्हणजे मलिक अंबर व मोगल ह्यांचें युद्ध ह्या प्रांतावर आदळत होतें. १६३० च्या नोव्हेंबरांत पीटर मंडी ह्याच वाटेनें आला, तेव्हां नंदुरबारेस दुष्काळानें मेलेल्यांचीं प्रेतें त्यास दिसलीं. युद्ध व दुष्काळ ह्यांत सांपडलेल्या रयतेचें शील तिच्या गांवीं एक रात्र मुक्काम करणारानें ठरवावें आणि तें आपण शाळेंत मुलांस शिकवावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. आम्हीं स्वतः तें पुष्कळ वर्षें शिकविलें आहे, हेंही येथें कबूल करतों.

थाळनेरास दुसरीही एक कथा आहे. १८१८ च्या फेब्रुवारींत सर टॉमस हिस्लॉपनें किल्ला घेतल्यावर आंतील शिबंदी कापली गेली व किल्लेदार तुळशीराम मामा ह्यास फांशीं दिलें. तिचा विचार स्वतंत्रपणें करावा लागेल.

आमच्या तर्काचा निकाल इंग्रजी पुस्तकांत लागणार नाहीं. तापीच्या उताराचे नावाड्यांचे कागद, जकातीची वही, सावकारांच्या हुंड्यांसोबतचीं मुक्कामांचीं यादीपत्रें, असें कांहीं शिरपूर, चोपडें, रावेर ह्या बाजूस कोणाच्या दप्तरीं असेल, तर त्यांनीं नक्कल करून मंडळाकडे पाठवावी. नक्कल करतांना कोसांचे आंकडे मूळ अक्षरावर भिंग धरून वाचावे. मोडींतील आंकडे पटकन् दगा देतात.