विमानसेवा, चित्रपटांतील

प्रवासी विमान चालविणारे वैमानिक, प्रवाशांच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाहणारे केबिन-कर्मचारी आणि जमिनीवरील तंत्रज्ञ यांच्या कामाचे चित्रपटांतून घडणारे दर्शन. या चित्रणाची वास्तवाशी तुलना करता एक प्रमुख भेद आढळतो. चित्रपट बचावाचे श्रेय किंवा अपघाताचा दोष बहुधा एकाच व्यक्तीच्या ठायी पाहतो. प्रत्यक्षात ही दोन्ही अनेकांच्या परस्परावलंबी कामातून निष्पन्न होतात.

या परंपरेचा एक आरंभीचा नमुना म्हणजे विल्यम वेलमन यांचा द हाय अँड द मायटी (१९५४) हा चित्रपट. मूळ कादंबरीचे लेखक अर्नेस्ट गॅन स्वतः विमान कंपनीत वैमानिक असल्याने इंधन, वारा आणि अंतर यांचा मेळ घालण्याची धडपड त्यात विश्वसनीय उतरली आहे. मात्र निर्णायक प्रसंगी सहवैमानिक धीर सुटलेल्या कॅप्टनच्या श्रीमुखात भडकावतो आणि विमान वाचते. एअरपोर्ट (१९७०) मध्ये विमानतळाचा विस्तृत कारभार दिसतो. तरी बर्फात रुतलेले विमान अखेर निघते, ते एका धाडसी तंत्रज्ञाने सावधगिरीच्या सूचना झुगारल्यामुळेच.

कनिष्ठाने वरिष्ठाला कसे सावध करावे, हा वास्तवातही गंभीर प्रश्न होता. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे काय, अशी शंका एका विमानातील उड्डाण-अभियंत्याने व्यक्त केली होती. कॅप्टनने ती फेटाळली. अशा अपघातांच्या अभ्यासातून १९७९ मध्ये ‘नासा’ने परिषद भरविली व पुढे वैमानिकांच्या सांघिक कार्यपद्धतीचे प्रशिक्षण सुरू झाले. शंका स्पष्ट शब्दांत मांडणे हे कनिष्ठाचे कर्तव्य आणि ती ऐकणे हे वरिष्ठाचे, हे त्याचे सूत्र होय. पडद्यावरील चपराकीपेक्षा ही शिस्त नीरस खरी. परंतु प्राण वाचतात ते तिच्यामुळे.

रॉबर्ट झेमेकिस यांच्या फ्लाइट (२०१२) मध्ये मद्यपी वैमानिक विमान उलटे चालवून बहुतेक प्रवाशांना वाचवितो. यातील बिघाडाचे ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाला झालेल्या अपघाताशी साम्य आहे. तेथेही विमान उलटे झाले होते. परंतु त्यातील सर्व ८८ जण मरण पावले. शेपटीकडील क्षैतिज पृष्ठभाग हलविणाऱ्या स्क्रूला पुरेसे वंगण मिळाले नव्हते. वंगण देण्याच्या व झीज तपासण्याच्या कामांतील कालावधी कंपनीने वाढविला होता आणि त्यास शासकीय मान्यताही होती. चित्रपट यांत्रिक दोषाचा उल्लेख करतो, पण त्याचा खरा विषय नायकाचे व्यसन आणि पश्चात्ताप हा आहे. देखभालीच्या वेळापत्रकावर सही करणारा माणूस कथेत कोठेच येत नाही.

क्लिंट ईस्टवुड यांचा सली (२०१६) याहून अधिक संयत आहे. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झाल्यावर एअरबस ए-३२० विमान न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत उतरविण्यात आले व सर्व १५५ जण वाचले. चालककक्षातील प्रसंग यथार्थ आहेत आणि शेवटी कॅप्टन श्रेय सर्वांना देतो. परंतु नाट्यासाठी तपास मंडळाला प्रतिपक्ष बनविण्यात आले. निर्णयासाठी लागणारे ३५ सेकंद धरून केलेली अनुकारी चाचणी कॅप्टनच्या आग्रहामुळे झाल्याचे चित्रपटात दिसते. वास्तविक ती मंडळाच्या तपासाचाच भाग होती. मंडळाने बचावाची कारणे चार सांगितली : वैमानिकांचा निर्णय व समन्वय, तराफ्यांसह असलेली आणि त्या उड्डाणासाठी बंधनकारक नसलेली जलप्रवासाची सामग्री, केबिन-कर्मचाऱ्यांची तत्परता आणि मदतकर्त्यांचे सान्निध्य. सहवैमानिक वाचत असलेली तपाससूची २०,००० फुटांवरील प्रसंग गृहीत धरून केली असल्याने ती पूर्ण होऊ शकली नाही, हेही त्याने नमूद केले. नायकावर खिळलेल्या नजरेतून असा दोष सुटतो, आणि सुटलेला दोष पुढच्या विमानात कायम राहतो.

केबिन-कर्मचाऱ्यांविषयी चित्रपटांची दृष्टी अधिक संकुचित आहे. मराठीत रूढ झालेला ‘हवाई सुंदरी’ हा शब्दही तिचीच साक्ष देतो. १९३० मध्ये या कामावर प्रथम नेमलेली एलन चर्च ही प्रशिक्षित परिचारिका होती. ४४ हून अधिक आसनांचे विमान निम्म्या दारांनी ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते, हे प्रयोगाने सिद्ध करावे लागते. त्यामागे याच कर्मचाऱ्यांचे कौशल्य गृहीत असते. राम माधवानी यांच्या नीरजा (२०१६) या हिंदी चित्रपटाने ते समोर आणले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत विमान अपहृत झाले, तेव्हा मुंबईच्या नीरजा भनोत यांनी चालककक्षाला सावध केल्याने वैमानिक बाहेर पडले आणि विमान जागीच राहिले. अमेरिकन प्रवाशांची पारपत्रे लपविण्यात मात्र त्यांच्या सहकाऱ्यांचाही वाटा होता. चित्रपटात तो त्यांच्या छायेत राहतो.

सेवाशर्तींचे चित्रण विरळाच. पहिल्या गर्भधारणेनंतर हवाई सेविकेची नोकरी संपविणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला. सेवेच्या पहिल्या चार वर्षांतील विवाहबंदी मात्र ग्राह्य मानली. क्रू (२०२४) हा चित्रपट थकलेल्या पगारापासून सुरू होतो, पण लवकरच सोन्याच्या चोरट्या व्यापाराच्या विनोदाकडे वळतो.

काहीही न घडणे हेच ज्या कामाचे फळ, त्याचे नाट्य करणे अवघड आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि अपघातानंतर ‘वैमानिक वीर की अपराधी’ एवढाच प्रश्न विचारण्याची जी सवय प्रेक्षकाला लागते, ती चित्रपटगृहाबाहेरही टिकते. या चित्रपटांचे मूल्यमापन करताना तांत्रिक चुकांपेक्षा या सवयीचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.