सोंग आणि तोतया

दुसऱ्याचे रूप घेऊन वावरणाऱ्याला मराठीत दोन निरनिराळे शब्द आहेत. एक सोंगाड्या, दुसरा तोतया. पहिल्याला आपण जत्रेत बिदागी देतो. दुसऱ्याला पेशवाईत देहदंड झाला. आजच्या समाजमाध्यमांवर प्रसिद्ध माणसांच्या नावाने जी खाती चालतात, त्यांची चर्चा करताना हे दोन शब्द आपण एकमेकांत मिसळून टाकतो, आणि मग ‘यात कुणाचे काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. प्रस्तुत लेखात तेच उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. निमित्त माझ्याच फजितीचे आहे.

काही वर्षांपूर्वी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मी शाळेत प्रार्थनेनंतर पु. ल. देशपांडे यांचा म्हणून एक उतारा वाचून दाखवला. मोबाईलवर आलेला होता. आपल्या भागातील बसमधला वाहक एका प्रवाशाशी कानडीत भांडतो, दुसऱ्याची मराठीत समजूत घालतो आणि सुटे पैसे मात्र दोघांनाही देत नाही, असा मजकूर. मुले पोट धरून हसली. मलाही धन्यता वाटली. दोन दिवसांनी दहावीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, तो उतारा मी लिहिलाय. पु. लं.च्या नावाने एक पान काढलंय, त्यावर टाकला होता.” मी रागावलो. तो म्हणाला, “पण सर, कुणाचं नुकसान तर झालं नाही ना? आणि माझ्या नावाने टाकला असता, तर तुम्ही वाचला असता का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. दुसऱ्याचे मी दिले नाही. त्या उताऱ्यात मोबाईलच्या रिचार्जवर एक कोटी होती. पु. ल. २००० साली गेले. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाच्या हे ध्यानात यायला हवे होते. पण वर नाव पाहिले आणि माझी चिकित्सा तिथेच संपली. उसन्या नावाचा पहिला परिणाम हाच, की वाचकाचे वाचणे थांबते.

आता कायद्याकडे वळू. फसवणुकीच्या हेतूने दुसऱ्याचे रूप घेणे हा आपल्याकडे जुनाच गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम ४१९ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली आला. ज्याचे रूप घेतले ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा तोच. संगणकाच्या साहाय्याने असे केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-डी लागते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशी ‘फसवणूक’ हा शब्द आहे. नुसती नक्कल करणे म्हणजे गुन्हा नव्हे. मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे, आपले रूप घेतल्याची तक्रार संबंधित व्यक्तीने केल्यास माध्यम चालवणाऱ्या कंपनीला ठरावीक मुदतीत मजकूर हटवण्यासाठी पावले उचलावी लागतात. म्हणजे तुरुंग नसला तरी पान जाऊ शकते.

न्यायालयेही हा भेद ओळखताना दिसतात. २०२४ साली अभिनेते जॅकी श्रॉफ आपले नाव, आवाज आणि ‘भिडू’ हा शब्दसुद्धा इतरांनी वापरू नये म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या नावावर माल विकणाऱ्यांना न्यायालयाने अंतरिम आदेशाने रोखले. परंतु एका विनोदी चित्रफितीवर मात्र त्या टप्प्यावर बंदी घातली नाही. खो-खोच्या मैदानावर आपली मुले एकमेकांना भिडूच म्हणतात, तेव्हा या प्रकरणाकडे मी थोड्या काळजीने पाहिले, हे कबूल करतो. २०२५ साली आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राकडून नक्कल करून घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. तीही योग्यच वाटते, कारण तिथे ऐकणाऱ्याला खरा गळा कोणता हे कळण्याची सोयच उरत नाही.

याउलट २०१६ साली तन्मय भट याने लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर यांचे चेहरे लावून केलेली चित्रफीत आठवावी. पोलिसांत तक्रारी झाल्या. मला ती अभिरुचीहीन वाटते. पण ती पाहून ‘या लताबाईच बोलत आहेत’ असे कुणालाही वाटले नसेल. करणारा स्वतःच्या नावाने उभा होता. वाईट सोंगाला वाईट म्हणणे हे समीक्षकाचे काम आहे, फौजदाराचे नव्हे.

सोंगाचा उत्तम नमुना तर आपल्या घरचाच आहे. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवणाऱ्या पु. लं.नी ‘गणगोत’मध्ये बेळगावच्या कृष्णराव हरिहर यांचे ‘रावसाहेब’ रेखाटले. तो कानडी हेल, मराठी क्रियापदांची ती बेधडक मोडतोड, शिवीतली ती माया, हे सारे पु. लं.नी हुबेहूब उचलले. आपल्या बोलण्याची अशी नक्कल कुणी परक्याने केली असती, तर आपण दुखावलो असतो. इथे मात्र डोळे ओलावतात. कारण लेखक रावसाहेबांच्या आवाजात बोलतो, पण त्यांच्या आड लपत नाही. पुस्तकावर नाव त्याचे आहे. हसण्याची आणि प्रेमाची जबाबदारीही त्याचीच. आपला बहुरूपीही पोलिसाच्या वेषात येऊन वॉरंट काढतो, आणि घरातली पोरे पुरेशी घाबरली की स्वतःच हसून पसाभर जोंधळे मागतो. त्याने ते मागणे म्हणजेच सोंग उतरवणे.

तोतया हे उतरवत नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक जण भाऊ म्हणवून घेत उभा राहिला. १७७६ साली त्याने बंड मांडले, लोक आणि किल्ले त्याच्याकडे वळले आणि अखेर पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. न. चिं. केळकरांनी या प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. राज्याचे जे नुकसान व्हायचे ते झालेच; पण वैधव्य न स्वीकारता पतीची वाट पाहत राहिलेल्या पार्वतीबाईंना त्या खोट्या नावाने काय सोसावे लागले असेल, याचा हिशेब कोणत्या दप्तरात मिळेल?

आणि आपल्याला पेशवाईपर्यंत जाण्याची गरजही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्रातील वाहनांवर दगडफेक झाली, दोन्ही राज्यांमधील एस. टी. थांबली. लग्नाला निघालेली, दवाखान्यात चाललेली आपलीच माणसे स्थानकांवर खोळंबली. १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांसोबत झालेल्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले, की मोठ्या नेत्यांच्या नावाने चालणाऱ्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद चिघळवला. विरोधी पक्षांनी हे स्पष्टीकरण मान्य केले नाही. त्या वादात मी पडत नाही. पण दोन्ही बाजूंनी धडा एकच निघतो. खाती बनावट असतील, तर नावाच्या चोरीने दगड उचलले गेले. आणि नसतील, तर बनावट खात्यांचा इतका सुळसुळाट झाला आहे, की आता खरे बोललेलेही ‘माझे नव्हे’ म्हणून झटकता येते. तोतये वाढले, की खऱ्या माणसाच्या शब्दालाही किंमत राहत नाही.

म्हणून त्या मुलाला उत्तर द्यायचे तर मी असे देईन. अरे, कायदा बहुधा तुझ्या वाटेला जाणार नाही. पैसा घेतला नाहीस, कुणाला बुडवले नाहीस. पण नुकसान झालेच नाही असे नव्हे. पु. लं.च्या नावावर त्यांचा नसलेला मजकूर चढला, आणि उद्याचा विद्यार्थी तो खरा धरील. दुसरे नुकसान तुझे. सीमेवरच्या बसमधला वाहक तुला दिसला होता, तो लेख तुझा होता. तो तू दुसऱ्याला देऊन टाकलास.

त्याने त्या पानावर ‘पु. लं.च्या शैलीत, एका विद्यार्थ्याचा प्रयत्न’ अशी ओळ टाकली असती, तर सारे सोंग झाले असते, आणि चांगले सोंग. त्या एका ओळीपुरताच हा भेद आहे.

राहिला त्याचा दुसरा प्रश्न, मी वाचला असता का? नसता वाचला. दोष त्याच्याइतकाच माझाही आहे. आपल्या भागात मराठी लिहिणाऱ्या मुलाला जर आपणच विचारत नसू, तर तो पुण्या-मुंबईचे नाव उसने घेणारच. त्या वर्षीच्या शाळेच्या हस्तलिखितात तो उतारा पहिल्या पानावर घेतला, त्याच्या पूर्ण नावासह. मोबाईलच्या रिचार्जची कोटी तशीच ठेवली.