‘जोखीम’ नेमकी कुणाची? प्रश्नावलीआधी एक शब्द तपासू

प्रश्नावली तयार करताना आपण हमखास एक चूक करतो. शब्द ओळखीचा आहे, म्हणजे सगळ्यांना त्याचा अर्थ एकच लागणार, असं धरून चालतो. आज ‘जोखीम’ घेऊ.

समजा, वेळापूरला (ता. माळशिरस) तुम्ही शेतकऱ्यांना विचारलं, “तुम्ही जोखीम घेता का?” उत्तर मिळेल, पण नेमकं कशाचं? डाळिंबाची नवी बाग लावली, ही जोखीम घेतलेली. पाऊस लांबला, ही अंगावर आलेली. ‘घेणे’, ‘पत्करणे’ आणि ‘अंगावर येणे’ यांत माणसाच्या मर्जीचा फरक आहे. ‘घेता का?’ विचारलं की तोच पुसला जातो.

आता पीक विमा बघा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मराठी शासन निर्णयांत ‘जोखीमस्तर ७० टक्के’ असं लिहिलेलं सापडतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटेल, नुकसानीची शक्यता ७० टक्के. अर्थ वेगळाच आहे. मागच्या सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. हे उंबरठा उत्पादन. सरासरी हेक्टरी १० क्विंटल असेल, तर उंबरठा ७. यंदा मंडळाची सरासरी ५.६ आली, तर तूट १.४, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा रकमेच्या तेवढेच टक्के भरपाई. सरासरी ८ आली, तर या निकषावर शून्य, मग तुमच्या एकट्याच्या रानात काहीच पिकलेलं नसलं तरी!

माझा आक्षेप शब्दावर आहे. बोलण्यात जोखीम वाढली म्हणजे धोका वाढला. इथे मात्र जोखीमस्तर वाढला की संरक्षण वाढतं. योजनेतली जोखीम म्हणजे विम्याने उचललेला भाग, बांधावरची जोखीम म्हणजे आपल्या अंगावर उरलेला. ‘संरक्षणाची पातळी’ म्हटलं असतं, तर पहिली ३० टक्के घट शेतकऱ्यानेच सोसायची आहे, हे तरी लगेच कळलं असतं.

म्हणून ‘विमा काढला नाही’ एवढ्या उत्तरावरून ‘याला जोखमीची आवड आहे’ असा निष्कर्ष काढू नका. कदाचित त्याला तो शब्दच उलटा कळला असेल. आधी तीन गोष्टी विचारा: जोखीम कशाची, सोसणार कोण आणि ठरवली कुणी? मग आकडे मांडायला बसा.