न्यू-मेटल म्हणजे नक्की काय? एका व्याख्येची झाडाझडती

‘मेटल अधिक हिप-हॉप बरोबर न्यू-मेटल.’ ही व्याख्या तुम्हाला कुठेही सापडेल. सुटसुटीत आहे, लक्षात राहते, आणि बरीचशी चुकीची आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी आज ती मुद्दाम घेतोय. आपल्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर अशीच एखादी सुटसुटीत व्याख्या लिहितात आणि पुढची तीन वर्षं तिच्यावर इमारत बांधतात. संगीत हे फक्त उदाहरण समजा.

व्याख्या तपासताना दोन प्रश्न विचारायचे. एक, हा गुण नसेल तर ती वस्तू त्या वर्गात राहते का? म्हणजे गुण आवश्यक आहे का? दोन, हा गुण असला की ती वस्तू त्या वर्गात येतेच का? म्हणजे गुण पुरेसा आहे का?

आता लावून बघू. न्यू-मेटलची सुरुवात सहसा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या ‘कॉर्न’ या बँडच्या 1994 च्या पहिल्या अल्बमपासून धरतात. त्यात रॅप किती? फारच थोडा. जोनाथन डेव्हिस कुजबुजतो, किंचाळतो, रडतो, अर्थ नसलेले ध्वनी तालात फेकतो, मध्येच बॅगपाइप वाजवतो. म्हणजे रॅप आवश्यक नाही. डीजे? लिंप बिझकिट आणि लिंकिन पार्ककडे आहे; कॉर्नकडे नव्हता, सिस्टम ऑफ अ डाऊनकडेही नाही. म्हणजे डीजेही आवश्यक नाही. सात तारांची गिटार? सिस्टम ऑफ अ डाऊनचं काम सहा तारांवर भागलं. तीही गेली.

आता उलट बाजू. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा पहिला अल्बम 1992 चा. त्यात जड गिटार आहे आणि रॅप तर भरपूर आहे. तरी बहुतेक जाणकार त्यांना न्यू-मेटलचे पूर्वज म्हणतात, न्यू-मेटल म्हणत नाहीत. अँथ्रॅक्स आणि पब्लिक एनिमी यांनी 1991 मध्ये एकत्र गाणं केलं, त्यालाही नाही. म्हणजे मेटल आणि रॅप एकत्र येणं पुरेसंही नाही. सुटसुटीत व्याख्या दोन्ही परीक्षांत नापास.

मग काहीच उरत नाही का? उरतं. पण त्यासाठी कोणती वाद्यं आहेत हे मोजणं सोडून ती काय काम करतात हे ऐकावं लागतं. जुन्या मेटलमध्ये गिटार ही नायिका. गाण्याच्या मध्यावर सगळे बाजूला होतात आणि ती सोलो घेते. कॉर्नच्या दोन्ही गिटारवादकांनी सात तारांची गिटार घेतली आणि तीही एक स्वर खाली उतरवली. सगळ्यात जाड तार ‘ए’वर, म्हणजे 55 हर्ट्झ. नेहमीच्या गिटारची जाड तार साधारण 82 हर्ट्झ असते. इतक्या खाली जलद सुरावट वाजवली तर गिचका होतो. तिथे ठोका चांगला लागतो. त्यामुळे गिटारने ढोलाचं काम घेतलं. बेस वाजवणारा फिल्डी तारांवर असा फटका मारतो की सूर कमी आणि टकटक जास्त ऐकू येते. ठेकाही सरळ धावणारा नाही. हिप-हॉप आणि फंकसारखा अडखळत, मागे रेलून चालणारा. आणि गिटारने मोकळी केलेली मधली जागा गळ्याने घेतली: एकाच गाण्यात कुजबुज, बोलणं, गाणं, किंकाळी.

‘सोलो नाही, रिफ सोपे, म्हणून हे संगीत बाळबोध’ ही टीका मला म्हणूनच पटत नाही. तबल्याने आलाप घेतला नाही अशी तक्रार कोणी करतं का? टीका करायचीच तर दुसरी करा. पहिल्या बँडनी जे दुःख जिवावर येऊन सांगितलं, ते नंतरच्या अनेकांनी साच्यात ओतून विकलं. कुजबुजीचं कडवं, किंकाळीचं धृपद, की झालं गाणं.

एवढ्यावर व्याख्या पूर्ण होते का? नाही. कारण संगीतप्रकार फक्त आवाजात राहत नाही. इटलीचे अभ्यासक फ्रांको फाब्री यांनी 1982 मध्ये मांडलं की संगीतप्रकार म्हणजे समाजाने मान्य केलेल्या नियमांनी बांधलेल्या संगीत-घटनांचा संच. आणि हे नियम तांत्रिकच नसतात. अर्थाचे, वागण्याचे, सामाजिक, व्यावसायिक असेही असतात. न्यू-मेटलमध्ये हे स्पष्ट दिसतं. कॉर्न, लिंप बिझकिट आणि स्लिपनॉट, तिघांच्या सुरुवातीच्या अल्बमचा निर्माता एकच, रॉस रॉबिन्सन. 1998 चा ‘फॅमिली व्हॅल्यूज’ दौरा कॉर्नने काढला, त्यात लिंप बिझकिट होते. पण त्याच दौऱ्यात जर्मनीचा रामस्टाइनही होता, आणि त्याला कोणी न्यू-मेटल म्हणत नाही. डेफ्टोन्सनी तर हा शिक्का वारंवार नाकारला, तरी यादीतून त्यांचं नाव जात नाही. म्हणजे एकटी सामाजिक कसोटीही पुरत नाही.

विटगेनश्टाइनने खेळांबद्दल हेच म्हटलं होतं. एका घरातली माणसं घ्या: कोणाचं नाक सारखं, कोणाची चाल सारखी, सगळ्यांत समान असं एकही लक्षण नाही, तरी एकाच घरची आहेत हे ओळखू येतं. न्यू-मेटल हा असा वर्ग आहे. ‘रक्षक’ (2022) हा अल्बम काढणारा दिल्लीचा ब्लडीवुड या कसोटीवर बघा. ठोका देणारी गिटार, रॅप आणि किंकाळी, शिवाय ढोल आणि बासरी. घराण्याचे गुण आहेत, पण काळ आणि गोतावळा वेगळा. मी त्याला न्यू-मेटलच्या घरातला पुढच्या पिढीचा म्हणेन.

सगळेच वर्ग असे सैल नसतात. गणपतीपुळ्याला लागून असलेल्या मालगुंडचे केशवसुत. इंग्रजी सॉनेट त्यांनी मराठीत आणलं, पुढे त्याला सुनीत हे नाव रुळलं. तिथे चौदा ओळी मोजता येतात. तेरा भरल्या तर वाद संपला. पण त्याच गावांतून गणपतीत नाचली जाणारी जाखडी घ्या. गोल फेर, मध्ये ढोलकी आणि गाणारे, नाचणाऱ्यांच्या एका पायात चाळ, आधी गण, मग गवळण, आणि शक्तीवाले विरुद्ध तुरेवाले असा सवाल-जवाब. आता हेच सामने मुंबईत नाट्यगृहात तिकीट लावून होतात. प्रेक्षक समोर बसला की फेराला तोंड फुटतं. साथीला की-बोर्ड, ऑक्टोपॅड येतो. मग ती जाखडी राहिली नाही का? वाद्यं मोजणारा म्हणेल नाही. काम ऐकणारा विचारेल: सवाल पडतोय का, त्याला जवाब मिळतोय का, पाय ढोलकीवर पडतोय का?

हा प्रश्न हौसेचा नाही. संगणकाकडून संगीतप्रकार ओळखण्याच्या अभ्यासात ‘जीटीझॅन’ नावाचा माहितीसंच वर्षानुवर्षं वापरला गेला. 2002 च्या एका गाजलेल्या संशोधनातून तो आला: दहा प्रकार, प्रत्येकी शंभर तुकडे, प्रत्येक तुकडा 30 सेकंदांचा. त्यात मेटल एक डबा आणि हिप-हॉप दुसरा. दोन्हींत पाय असलेल्या गाण्याला एकाच डब्यात बसावं लागणार. बॉब स्टर्म यांनी 2013 मध्ये या संचातल्या चुका मांडल्या: तेच तुकडे पुन्हा आलेले, काहींवर चुकीचं लेबल. म्हणजे अचूकतेचा आकडा कितीही वर गेला, तरी तो कशाची अचूकता मोजतोय हा प्रश्न राहतोच. आणि आपल्याकडे? नमन, जाखडी, भजन, सगळ्यांवर ‘कोकणी लोकसंगीत’ असं एकच लेबल लावून संग्रह केला, तर शक्ती-तुऱ्याचा सवाल-जवाब त्यात कायमचा पुसला जाईल. उद्या कोणी तो शोधायला गेलं, तर यंत्र सांगेल, असा प्रकारच नाही.

तर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनो, एवढं करा. तुमच्या मुख्य संज्ञेची व्याख्या एका वाक्यात लिहा. तिच्यात बसायला हवं पण बसत नाही असं एक उदाहरण शोधा, आणि बसतं पण बसायला नको असं दुसरं. मग ठरवा, तुमचा वर्ग सुनीतासारखा आहे की जाखडीसारखा. जाखडीसारखा असेल तर ओळी मोजत बसू नका. कोणते गुण घेतले, कोणाच्या कानावर विश्वास ठेवला, सीमेवरची उदाहरणं कुठे ठेवली, हे पहिल्या प्रकरणातच लिहून टाका. व्हायवात हाच प्रश्न येतो, आणि तेव्हा ‘सगळे असंच म्हणतात’ हे उत्तर चालत नाही.