कुलूप, किल्ली आणि इस्ट्रोजेनग्राही : एका दृष्टान्ताची परीक्षा

इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीतील आपल्या ग्राहीशी कसे संयोग पावते, हे समजावून देताना सामान्यतः कुलूप आणि किल्ली यांच्या दृष्टान्ताचा आश्रय केला जातो. संप्रेरक ही खरी किल्ली. टॅमॉक्सिफेनसारखे औषध ही कुलपात अडकून बसणारी, पण ते न उघडणारी खोटी किल्ली. हा दृष्टान्त एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि शर्करा यांच्या संबंधाविषयी योजिला होता. एका क्षेत्रातील दृष्टान्त दुसऱ्या क्षेत्रात नेला असता तो काय दाखवितो आणि काय झाकतो, याची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचेही काम आहे.

दृष्टान्ताचा एक अंश खरा आहे. इस्ट्रॅडिओलच्या एका टोकाचा हायड्रॉक्सिल गट ग्राहीतील ३५३ व्या स्थानावरील ग्लुटामेट व ३९४ व्या स्थानावरील आर्जिनिन यांच्याशी, तर दुसऱ्या टोकाचा गट ५२४ व्या स्थानावरील हिस्टिडिनशी हायड्रोजन-बंधांनी जोडला जातो. परंतु १९९७ मध्ये ब्झोझोव्स्की आणि सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या स्फटिकरचनेत असे दिसले, की ग्राहीतील खोबणीचे आकारमान इस्ट्रॅडिओलच्या जवळजवळ दुप्पट आहे. किल्लीभोवती इतकी मोकळीक ठेवणारे कुलूप कोणी घडवीत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट ग्राहीच्या बाराव्या मळसूत्री खंडाची आहे. इस्ट्रॅडिओल आत असताना हा खंड खोबणीवर झाकणासारखा बसतो, आणि त्यामुळे जनुकांचे कार्य चालू करणाऱ्या सहायक प्रथिनांना टेकण्यासाठी बाहेर एक पन्हळ सिद्ध होते. रॅलॉक्सिफेनची लांब पार्श्वशाखा खोबणीत न मावता बाहेर डोकावते. परिणामी झाकण आपल्या जागी बसू शकत नाही. ते सरकून त्या पन्हळीतच पडते आणि सहायक प्रथिनांची जागा अडविते. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात होणाऱ्या ४-हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेनच्या बाबतीतही हेच घडते, असे १९९८ मध्ये दिसून आले. म्हणजे येथे किल्लीप्रमाणे कुलूपच आपला आकार बदलते. फुल्व्हेस्ट्रंट या औषधाने तर ग्राहीचा ऱ्हासच घडून येतो. त्याला दृष्टान्तात स्थानच उरत नाही.

तथापि दृष्टान्ताचा खरा दोष यापुढे आहे. कुलूप उघडते किंवा उघडत नाही. तिसरी अवस्था त्याला नाही. टॅमॉक्सिफेन मात्र स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेनला विरोध करते, ऋतुनिवृत्तीनंतर हाडांची झीज रोखताना त्याच्यासारखे वागते, आणि गर्भाशयाच्या अस्तराची वाढ करून तेथील कर्करोगाचा धोका वाढविते. कोणत्या पेशीत कोणती सहायक व दमनकारी प्रथिने किती आहेत, यावर हा भेद बऱ्याच अंशी अवलंबून असतो. मराठीतील ‘लागणे’ हे क्रियापद पाहावे : भूक लागते, दिवे लागतात, ठेच लागते. क्रियापद एकच, अर्थ सोबतच्या पदांनी ठरतो. अर्थात हेही केवळ साम्य आहे, स्पष्टीकरण नव्हे.

हा वाद निव्वळ शब्दांचा आहे, असे कोणी म्हणेल. ते मान्य करता येत नाही. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णेला ‘हे औषध इस्ट्रोजेनचे रोधक आहे’ एवढेच सांगितले, तर योनिमार्गातून अकारण रक्तस्राव झाल्यास तो त्वरित डॉक्टरांना का कळवावा, हे तिला त्या शब्दातून उमगणार नाही. रोधकाने गर्भाशयाला अपाय व्हावा, हे तिला विसंगतच वाटेल. म्हणून ‘रोधक’ ही संज्ञा निरपेक्षपणे न वापरता ‘स्तनपेशींतील रोधक’ अशी वापरावी, आणि या औषधांच्या वर्गाला ‘निवडक नियामक’ म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. कुलूप-किल्लीचा दृष्टान्त पहिल्या पाठापुरता राहू द्यावा. दुसऱ्या पाठाच्या आरंभी मात्र अध्यापकाने तो स्वतःच मागे घेतला पाहिजे.