जैवविघटनशील प्लास्टिक आणि यवतमाळचा कचरा : एका सवलतीची समीक्षा

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेली प्लास्टिक व थर्माकोलबंदीची अधिसूचना २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियमावर आधारलेली होती. रोपवाटिका, शेती व घनकचरा हाताळणी यांसाठी कंपोस्टयोग्य प्लास्टिकला तिने सूट दिली. २०२२ च्या अखेरीस प्रमाणित कंपोस्टयोग्य पेले, ताटल्या व चमचे यांनाही ती लाभली. या सवलतीमागील गृहीतक तपासणे आवश्यक ठरते.

आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार अशा प्लास्टिकमधील सेंद्रिय कर्बाच्या ९० टक्के भागाचे १८० दिवसांच्या आत जैविक विघटन व्हावे लागते. परंतु ही चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, ओलसर व हवा खेळत्या कंपोस्टमध्ये होते. मका वा उसाच्या शर्करेपासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाला उष्णता आणि ओलावा एकाच वेळी लागतात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उकिरडा कोरडाठाक असतो. आषाढात ओल येते, तेव्हा तापमान उतरलेले असते. विदर्भाच्या उन्हात हे सारे आपोआप विरून जाईल, ही समजूत म्हणूनच भाबडी आहे.

दुसरा मुद्दा वर्गीकरणाचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले. घंटागाडीत दोन्ही एकत्र झाले, की कंपोस्टयोग्य पेला खतापर्यंत पोहोचतच नाही. सुक्या कचऱ्यात गेला, तर भंगार वेचणाऱ्याला तो नेहमीच्या पारदर्शक प्लास्टिकहून नजरेने वेगळा ओळखता येत नाही, आणि पुनर्चक्रणाचा माल बिघडतो. मार्च २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने 'कंपोस्टयोग्य' आणि 'जैवविघटनशील' यांत स्पष्ट भेद केला. विशिष्ट पर्यावरणात सूक्ष्मप्लास्टिक मागे न ठेवता विघटन होणे ही दुसऱ्याची अट ठरली. दुकानात मात्र दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात.

कापूस पिकविणाऱ्या आणि पळसाच्या पानांची पत्रावळ परिचित असलेल्या या जिल्ह्यात पिशवी व ताटली यांसाठी नव्या बहुवारिकाची निकड फारशी पटत नाही. ओल्या कचऱ्याच्या बादलीतील अस्तराची गोष्ट निराळी. तेथे पिशवी कचऱ्यासह थेट कंपोस्टमध्ये जाऊ शकते. तेवढ्यापुरती सवलत समर्थनीय आहे. मात्र त्यासाठी नगरपरिषदेच्या कंपोस्ट ढिगाचे तापमान व ओलावा नियमित नोंदविले जातात काय, हे उत्पादकाच्या प्रमाणपत्राइतकेच काटेकोरपणे पाहिले गेले पाहिजे.